‘पित्त उठलंय’ म्हणता म्हणता: पित्तनलिकेचा कॅन्सर वेळेवर का सापडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अप्पा ६१ वर्षांचे, खानापूर तालुक्यात भातशेती आणि थोडा ऊस. फेब्रुवारीपासून अंगाला खाज आणि जेवण कमी. मार्चमध्ये सोनोग्राफी केली, ती ‘नॉर्मल’ आली. जूनमध्ये डोळे पिवळे झाले आणि एमआरसीपीत, म्हणजे एमआरआय मशीनवर काढलेल्या पित्तनळ्यांच्या चित्रात, यकृताच्या तोंडाशी पित्तनलिकेचा कॅन्सर दिसला. तीन महिन्यांत एवढं कसं वाढलं, चूक कुणाची, आणि तुम्ही तिघा भावंडांनी आता कोणत्या तपासण्या करून घ्यायच्या?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमची झोप उडवली असेल ती त्यानंच. तीन महिन्यांत ते वाढलेलं नाही. मार्चमध्ये ते होतंच, बहुधा त्याच्याही बरंच आधीपासून होतं. सोनोग्राफी खोटं बोलली नाही, पण आपण तिला जे विचारलं ते तिला नीट दिसणाऱ्यातलं नव्हतं. बेळगावात २७ वर्षं यकृत आणि पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया करतोय, आणि ‘आधीची सोनोग्राफी नॉर्मल होती’ हे वाक्य मी या आजाराच्या जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकलंय.

जागा कशी आहे ते आधी बघा. यकृतात दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं. बारीक नळ्यांतून गोळा होत ते डाव्या आणि उजव्या अशा दोन मोठ्या नळ्यांत येतं. त्या दोन्ही यकृताच्या खालच्या अंगाला एकमेकींना मिळतात. पुढं पित्ताशयाची नळी येऊन जोडली जाते, आणि मग ही एकच नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून घुसून लहान आतड्यात उघडते. शेतात एका पाटाच्या चार सऱ्या होतात, इथं उलट, शेकडो सऱ्यांचा एक पाट होतो. या मुख्य पाटाची रुंदी सहा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याहूनही कमी. आणि त्याला अगदी खेटून यकृताला रक्त पुरवणारी मोठी शीर आणि रोहिणी जाते.

दहांतल्या पाच-सहा रुग्णांत हा कॅन्सर डाव्या-उजव्या नळ्यांच्या सांध्याशी होतो. अप्पांचा तिथलाच. १९६५ मध्ये जेराल्ड क्लॅट्स्किन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा १३ रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हापासून या जागेच्या कॅन्सरला त्यांचं नाव चिकटलं. तुमच्या कागदावर कुठं ‘क्लॅट्स्किन’ लिहिलेलं दिसलं असेल तर ते हेच. दहांतले दोन-तीन खालच्या टोकाला, स्वादुपिंडात दडलेल्या भागात होतात. उरलेले यकृताच्या आतल्या बारीक नळ्यांत. ते सहसा कावीळही करत नाहीत, आणि दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सीटीत यकृतात गाठ म्हणून अवचित सापडतात.

‘गाठ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लिंबू, सुपारी असं काहीतरी येतं. सांध्यावरचा हा कॅन्सर बहुतेक वेळा तसा नसतो. तो नळीच्या भिंतीतच लांबीच्या दिशेनं सरकतो, पाण्याच्या पाइपाची भिंत आतून जाड होत जावी तसा. शिवाय त्यात कॅन्सरच्या पेशी थोड्या आणि घट्ट, चिवट धाग्यांचं जाळं जास्त. त्यामुळे हाताला काही लागत नाही आणि चित्रातही गोळा असा दिसत नाही. दिसतो तो त्याचा परिणाम: वरच्या बाजूला पित्त तुंबून फुगलेल्या नळ्या. म्हणजे नळ्या फुगेपर्यंत थांबणं आलं.

आणि लहान म्हणजे लवकर, हा हिशेबही इथं चालत नाही. स्तनात एक सेंटिमीटरची गाठ मिळाली तर आम्ही म्हणतो, वेळेत आलात. इथं एक सेंटिमीटर म्हणजे नळीच्या रुंदीच्या दीडपट, आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना ती तेवढ्यातच मिठी मारून बसलेली असू शकते. आकार बघून ‘सुरुवातीचा आहे’ असा दिलासा कुणी दिला तर त्यावर लगेच विसंबू नका.

आता यकृताच्या गप्प बसण्याबद्दल. यकृत फार सोशिक. एका बाजूची नळी पूर्ण बंद झाली तरी दुसरी बाजू सगळं काम उरकते, बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) रक्तात वाढत नाही, माणूस पिवळा होत नाही. बंद पडलेली बाजू हळूहळू आक्रसते, चालू असलेली वाढते, आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. डोळ्यांत पिवळेपणा दिसायला रक्तातलं बिलिरुबिन अडीच-तीनच्या पुढं जावं लागतं, नेहमीची मर्यादा एक ते सव्वा. तेही दिवसाच्या उजेडात पाहिलं तर. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली सगळ्यांचेच डोळे सारखे दिसतात.

पण पिवळेपणाच्या आधी एक गोष्ट बऱ्याच जणांत होते, आणि आपल्या भागात नेमकी तीच वाया जाते. ती म्हणजे खाज.

यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. ‘पित्त’ हा एकच शब्द आपण तीन जागी राबवतो. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आला की पित्त झालं. अंगावर गांधी उठल्या की पित्त उठलं. आणि यकृतातून पाझरणारा हिरवट-पिवळा रस, तोही पित्तच. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी माझ्यापर्यंत पोचलेला रुग्ण पहिल्या दोन पित्तांचे उपचार करून दमलेला असतो. अप्पांचंही तुम्ही लिहिलंय ते वाचून मला नवल वाटलं नाही: आधी आमसुलाचं पाणी चोळलं, मग मेडिकलमधून खाजेची गोळी, मग खरजेचं मलम घरातल्या सगळ्यांनी लावलं, मग कुणीतरी ‘आतलं पित्त आहे’ म्हणून सकाळी अनशापोटी घ्यायची कॅप्सूल दिली. दोन महिने त्यात गेले.

गांधी उठण्याच्या खाजेत अंगावर लाल चट्टे दिसतात, तासा-दोन तासांत जागा बदलतात. खरजेत बोटांच्या बेचक्यांत पुरळ असतो आणि घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. पित्त अडल्याची खाज निराळी. अंगावर मुळात काहीच नसतं, असतात ते खाजवून पडलेले ओरखडे. तळहात-तळपायांना जास्त, रात्री जास्त. एका बाईंनी मला सांगितलं होतं, ‘डॉक्टर, वरनं खाजवून भागत न्हाई ओ, आत कुटं तरी खाजतंय.’ याहून नेमकं वर्णन मी पाठ्यपुस्तकातही वाचलेलं नाही. पन्नाशीनंतर, पुरळ नसलेली अशी खाज दोन-तीन आठवडे टिकली तर मलमाच्या आधी रक्त तपासायचं. लिव्हर फंक्शन टेस्ट म्हणा, एलएफटी म्हणा. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, कुठल्याही लॅबमध्ये ती त्याच दिवशी होते.

तुम्ही पाठवलेल्या मार्चच्या कागदांत ही टेस्ट आहे. बिलिरुबिन १.१, म्हणून कुणी घाबरलं नाही. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की वाढतो तो आकडा, किंचित वाढलेला. पण त्याच पानावर खाली अल्कलाइन फॉस्फेटेज ४१२ आहे, आणि लॅबची मर्यादा शेजारीच छापली आहे, १२८. हा आकडा पित्ताच्या नळ्यांचा पहारेकरी. नळी अरुंद होऊ लागली की बिलिरुबिनच्या आधी हा चढतो, एका बाजूची नळी बंद झाली तरी चढतो. हाडांच्या आजारातही तो वाढतो, म्हणून सोबत जीजीटी हा यकृताचा दुसरा आकडा बघायचा. तोही वाढला असेल तर गोष्ट पित्तमार्गाची. आपल्याकडे रिपोर्ट वाचायची पद्धत अशी पडलीय की काविळीचा आकडा बघायचा, तो बरा असला की कागद घडी करून पिशवीत.

सोनोग्राफीबद्दल मी मुद्दाम सांभाळून बोलतो, कारण तिच्याशिवाय माझं एक दिवस चालणार नाही. काविळीत पहिली तपासणी तीच, स्वस्त, निर्धोक, लगेच होणारी. फुगलेल्या नळ्या, पित्ताशयातले खडे ती छान दाखवते. पण नळीचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमागं लपतं, आणि सांध्यावरची जाड झालेली भिंत दिसायला चांगलं मशीन, सरावलेला हात आणि मुख्य म्हणजे शंका लागते. अप्पांच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं? ‘पोटदुखी, गॅस.’ रांगेत चाळीस पेशंट बसलेले असताना त्या चिठ्ठीवर सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडं, प्रोस्टेट, पित्ताशयातले खडे पाहिले आणि काही नाही म्हणून कळवलं. तिथं ‘पुरळाशिवाय खाज, अल्कलाइन फॉस्फेटेज तिप्पट, यकृतातल्या नळ्या पाहाव्यात’ एवढं असतं तर प्रोब त्या जागी आणखी पाच मिनिटं थांबला असता. आणि तरीही काही दिसलं नसतं, तर पुढची पायरी होती एमआरसीपी. इंजेक्शन नाही, किरणं नाहीत, चार-सहा तास उपाशी राहून मशीनमध्ये झोपायचं, की पित्ताच्या सगळ्या झाडाचा फोटो मिळतो.

या चित्रातला एक बारकावा सांगतो, ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी. १८९० मध्ये लुडविग कूर्व्हाझिए या स्विस सर्जनने लिहून ठेवलं की कावीळ आहे, पित्ताशय फुगून हाताला लागतंय आणि दुखत मात्र नाही, तर खडा असण्याची शक्यता कमी, काहीतरी वाईट असू शकतं. खालच्या टोकाच्या कॅन्सरला हे बहुधा लागू पडतं. सांध्यावरच्या कॅन्सरमध्ये उलट होतं. अडथळा पित्ताशयाच्या वरती असल्यानं पित्ताशयात काही पोचतच नाही, ते रिकामं, चिपाडासारखं असतं, आणि यकृतातल्या नळ्या मात्र तुडुंब. ‘पित्ताशय आकुंचित’ हे रिपोर्टमधलं वाक्य लोक ‘उपाशी नव्हते वाटतं’ म्हणून सोडून देतात. उपाशी असूनही तसं असेल तर वरती बघावं लागतं.

मग जूनमध्ये डोळे पिवळे झाले. इथून पुढचे तीन आठवडे कुठं गेले हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण एमआरसीपीची तारीख बघून अंदाज येतो. कावीळ म्हटली की आपल्याकडं आधी उतरवायची. माळ घालायची, ती लांबत पोटाशी आली की कावीळ उतरली. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, ते बघून माणूस निम्मा बरा होतो. कुठं नाकात देवडांगरीचे थेंब, कुठं मनगटावर डाग. मी याची टिंगल करत नाही. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी विषाणूची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपणहून उतरते, माळ घातली तरी आणि न घातली तरी. शंभरातल्या नव्वद जणांना गुण येतो म्हणून वैदूवर विश्वास बसतो, आणि तो विश्वास तर्काच्या दृष्टीनं अगदीच वेडा नाही. अडचण उरलेल्या काहींची. त्यांच्या गळ्यात माळ असते आणि नळीत अडथळा. डाग आणि नाकातले थेंब मात्र खरोखर घातक: पित्त अडलेल्या माणसाला ‘क’ जीवनसत्त्व नव्हे, ‘के’ जीवनसत्त्व शोषता येत नाही, रक्त गोठायला उशीर लागतो, आणि मग नाकातून सुरू झालेलं रक्त थांबत नाही.

दोन काविळी घरच्या घरी बऱ्याच अंशी ओळखता येतात. विषाणूची बहुधा ताप, मळमळ, अन्नाचा तिटकारा घेऊन येते, तरुणांत जास्त, आणि दोन-तीन आठवड्यांत उताराला लागते. अडथळ्याची कावीळ बहुतेकदा न दुखता येते, दिवसागणिक गडद होते, खाज घेऊन येते, वजन नेते. लघवी चहाच्या काढ्यासारखी. आणि शौचाचा रंग जातो, कारण तो रंग पित्ताचाच. शाडूच्या मातीचा गणपती रंगवायच्या आधी दिसतो ना, तसा. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारलं तर माणूस लाजतो. पूर्वी घरातली म्हातारी माणसं बघायची. आता कमोडवर बटण दाबलं की विषय संपला. मी प्रत्येकाला विचारतो, आणि उत्तर ‘बघितलं न्हाई’ असंच येतं. चाळिशीनंतरची पहिलीच कावीळ, शाडूच्या रंगाचा शौच, खाज, यांतलं काहीही असेल तर पथ्य, उसाचा रस, माळ, जे करायचं ते करा, पण त्याच आठवड्यात सोनोग्राफी आणि एलएफटी झालीच पाहिजे.

आणखी एक अडचण खास आपल्या सीमाभागाची. अथणी, कागवाड, रायबागची माणसं मिरजेला जातात, निपाणी-चिकोडीची कोल्हापूरला, खानापूरची बेळगावला नाहीतर गोव्यात बांबोळीला. पहिली तपासणी एका राज्यात, दुसरी दुसऱ्या. आधीचे कागद घरी राहतात, नवीन डॉक्टर नव्यानं सुरुवात करतात. मार्चचा ४१२ आणि मेचा ६०० असे दोन आकडे एका टेबलावर शेजारी आले तर कुणालाही चढण दिसेल. ते शेजारी येतच नाहीत. रिपोर्ट इंग्रजीत, योजनेचा फॉर्म कन्नडमध्ये, सांगणारा मराठीत, आणि सोबत आलेला पुतण्या दर वेळी वेगळा.

आता रक्ताच्या ‘कॅन्सर टेस्ट’बद्दल, कारण तुमच्या बहिणीनं ती करून घेतली असं लिहिलंय. सीए १९-९ नावाचा हा पदार्थ, मर्यादा ३७. पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये तो वाढतो हे खरं. पण साध्या खड्यानं नळी तुंबून आत जंतू झाले तरीही तो हजारांत जातो. निपाणीकडच्या एका बिडी कामगार बाईंना दुसरीकडं हा आकडा दाखवून ‘आता नेऊन घरी ठेवा’ म्हणून सांगितलं होतं. नळीतला खडा काढला, पंधरा दिवसांनी आकडा पन्नासाच्या आत. आणि उलट बाजूही आहे: शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या रक्तगटाची ठेवणच अशी असते की त्यांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही. त्यांना कॅन्सर असला तरी आकडा शांत. म्हणून निदान झालेल्या रुग्णाचा पाठपुरावा करायला ही टेस्ट मला चालते, धडधाकट माणसाला चाळायला नाही. पित्त तुंबलेलं असताना केली असेल तर तुंबारा निघाल्यावर पुन्हा करावी लागते.

इथं माझी स्वतःची एक चूक सांगतो. वीस वर्षांपूर्वी वडगावचे एक विणकर आले, बिलिरुबिन १८, खाजेनं रडकुंडीला आलेले. मी त्याच संध्याकाळी एंडोस्कोपीतून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून करतात ती ईआरसीपी करून, नळीत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकून घेतला. खाज गेली, घरचे खूश, मीही खूश. मग सीटी केली तर काही समजेना. फुगलेल्या नळ्या बसून गेल्या होत्या, स्टेंटमुळं नळीची भिंत सुजलेली, कॅन्सर कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे ओळखायची खूणच मी पुसून टाकली होती. वर स्टेंटमधून जंतू शिरले ते वेगळंच. शेवटी ऑपरेशन झालं, पण सहा आठवडे उशिरा आणि अंधारात चाचपडत. तेव्हापासून माझ्याकडं एकच क्रम: आधी चित्र, मग स्टेंट. एमआरसीपी आणि चांगली सीटी झाल्याशिवाय नळीत काही घालायचं नाही. अपवाद थंडी वाजून ताप भरला तर. नळीतला पू थांबत नाही, तेव्हा चित्रासाठी थांबायचं नसतं.

तुकडा काढून खात्री करणं तरी सोपं असेल असं वाटतं. तेही नाही. ईआरसीपीतून नळीत बारीक ब्रश फिरवून पेशी घेतात, पण खरोखर कॅन्सर असलेल्यांतही निम्म्याच्या आसपास लोकांतच तो पकडला जातो. मघाशी म्हटलं ते चिवट धाग्यांचं जाळं आठवा, पेशी त्यात रुतून बसलेल्या असतात, ब्रशला लागत नाहीत. ‘पॉझिटिव्ह’ आला तर खरा मानायचा, ‘निगेटिव्ह’ला फारसा अर्थ नाही. नळीत कॅमेरा घालून प्रत्यक्ष बघत तुकडा घेता येतो, ती सोय मोठ्या शहरांत आहे. पोटावरून सुई घालून सांध्याची बायोप्सी मात्र, जिथं ऑपरेशनची आशा आहे तिथं, कुणी सुचवली तरी आधी आमच्यासारख्याला विचारा, कारण सुईच्या वाटेनं पेशी सांडू शकतात. आणि याच्या नेमकं उलट, हुबेहूब कॅन्सर वाटणारी पण स्टेरॉइडनं बरी होणारी एक सूज असते, आयजीजी-४ची. रक्तात हा आयजीजी-४ नावाचा प्रथिनाचा प्रकार बघून ठेवायला फार खर्च येत नाही. अप्पांच्या फाइलमध्ये तो दिसला नाही, पुढच्या रक्तात घ्यायला सांगा. त्यातून फार आशा धरू नका, अप्पांच्या एमआरसीपीच्या रिपोर्टमध्ये शिरेला विळखा स्पष्ट लिहिलाय, पण बघायचं राहिलं असं नको.

तुम्हा भावंडांच्या तपासण्या: काही नकोत. मला माहीत आहे, हे ऐकून बरं वाटण्याऐवजी हिरमोड होतो. हा आजार बहुतेकांत घराण्यातून येत नाही. जगाच्या बहुतेक भागांत तो वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. समजा एक लाख निरोगी लोकांची अशी टेस्ट केली जी शंभरात पाच वेळा उगाच घाबरवते. दोन खरे रुग्ण सापडतील की नाही कोण जाणे, पाच हजार माणसं मात्र सीटीच्या रांगेत उभी राहतील. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात वर्षाला जे ‘फुल बॉडी’ पॅकेज करतात, त्यात हा कॅन्सर सापडलेला मी अजून पाहिलेला नाही.

नजर ठेवायची ती काही ठरावीक लोकांवर. जन्मतः पित्तनलिकेला फुगा असलेले (तो काढूनच टाकायचा असतो), यकृताच्या आतल्या नळ्यांत वर्षानुवर्षं खडे असलेले, मोठ्या आतड्याच्या जुनाट सुजेबरोबर नळ्या आक्रसत जाण्याचा आजार असलेले, हिपॅटायटिस बी-सी आणि सिरॉसिसवाले. ईशान्य थायलंडमध्ये नदीतले कच्चे मासे खाण्यातून एक चपटा कृमी नळ्यांत घर करतो, तिथं हा कॅन्सर जगात सर्वाधिक आहे, आणि म्हणून तिथं गावोगावी सोनोग्राफी केली जाते. ते तिथं योग्य आहे. आपल्याकडं मलप्रभेतला मासा असो की हिडकल धरणातला, तो कालवणात रटरटूनच ताटात येतो, तो धाक आपल्याला नाही. कामाच्या जागेचं म्हणाल तर जपानमध्ये ओसाका इथल्या एका छापखान्यातल्या तरुण कामगारांत हा आजार ओळीनं निघाला, तेव्हा शाई पुसायच्या द्रावणातलं १,२-डायक्लोरोप्रोपेन हे रसायन त्याला कारण निघालं. २०१४ मध्ये ते कॅन्सरकारक म्हणून ठरवलं गेलं. तुम्ही फौंड्रीत आहात, तिथं काय हुंगता ते बघा, पण त्यासाठी एमआरसीपी नको. आणि बहुतेक रुग्णांत, अप्पांसारखं, यांतलं एकही कारण सापडत नाही.

चूक कुणाची? ४१२ हा आकडा पाहून एमआरसीपी सांगायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मार्चमध्ये सापडलं असतं तर ऑपरेशन नक्की झालं असतं, असं मी म्हणणार नाही. हा कॅन्सर कळतो तेव्हा बहुतेकांत शस्त्रक्रियेच्या पलीकडं गेलेला असतो, मोठ्या शहरांतही. ज्यांची होते त्यांचं निम्म्याहून जास्त यकृत काढावं लागू शकतं. तीन महिन्यांचा उशीर खरा आहे. त्यातले दोन महिने खाजेच्या मलमात गेले आणि तो निर्णय कुणा एकाचा नव्हता.

आता पुढचं. अप्पांच्या कागदांवरून ऑपरेशन होईलसं वाटत नाही, पण ते मी चित्रं बघून ठरवीन, रिपोर्टच्या वाक्यांवरून नाही. पित्ताला वाट करून देणं पहिलं काम, त्यानं खाज आणि कावीळ उतरेल, भूक येईल. त्याआधी ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. मग जेमसिटाबिन आणि सिसप्लाटिन ही केमोथेरपीच्या औषधांची जोडी, जी २०१० पासून या आजारात पक्की आहे. २०२२ नंतर तिच्या जोडीला इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं, औषधही देतात, ते महाग आहे आणि त्यानं मिळणारा फायदा मोजका आहे, हे आधी समजून घ्या आणि मगच शेत गहाण टाकायचा विचार करा. किंबहुना टाकूच नका. स्टेंट घातल्यावर थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री गाडी काढायची.

पैशांचं: तुमचं बीपीएल कार्ड आहे, तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमधून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्यासाठी सरकारी रुग्णालयाची रेफरल चिठ्ठी आधी लागते. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांनाही द्यायचं ठरवलं. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर गाव यादीत आहे का ते निघण्याआधी तिथल्या योजनेच्या टेबलावर फोन करून विचारा.

बुधवारी अप्पांना आणताना एमआरसीपीची सीडी आणा, नुसता रिपोर्टचा कागद नको. मार्चची सोनोग्राफीची फिल्म कपाटात असेल तर तीही. आणि सोबत तुम्ही स्वतः या, दुसऱ्या कुणाला पाठवू नका.